तुम्ही विचारलंत म्हणून: त्या माणसासाठी मी काहून भिडले?

लग्नाच्या पंगतीत, उमरेडच्या बसमध्ये, एकदा तर तेरवीला गेले होते तिथंही कोणीतरी कोपऱ्यात घेऊन हेच विचारलं. "ताई, तो तर तुमच्या मुळावर उठला होता. मग त्याच्यासाठी तुम्ही साहेबांशी काहून भिडल्या?"

विचारणारे बहुतेक खात्यातलेच. त्यामुळे साहेब कोण आणि तो कोण, हे सांगत बसत नाही, नावं तर घेणारच नाही. आजवर मी "जाऊ द्या ना" म्हणून विषय बदलत आले. त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. कोणी म्हणतं, ताई भोळ्या आहेत. कोणी म्हणतं, चांगल्या पोचलेल्या आहेत, युनियनच्या निवडणुकीवर डोळा होता. दोन्ही ऐकून कान किटले, म्हणून आता लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे मी त्याच्यासाठी भिडले नाही. भिडले तर मुळीच नाही. मी तीन तारखा लिहिल्या.

आमच्या ऑफिसात तुम्ही कोणत्या गटातले, हे तुम्ही डबा कोणासोबत खाता त्यावरून ठरतं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं की राजकारण म्हणजे दुसरे लोक करतात ती गोष्ट. आपण बरं, आपलं काम बरं. म्हणून मी कधी या टेबलावर, कधी त्या टेबलावर बसायची. निष्पक्ष म्हणतील, अशी माझी समजूत. झालं असं की दोन्हीकडचे मला तिकडची समजू लागले. मी आले की बोलणं थांबायचं आणि भाजीचं कौतुक सुरू व्हायचं.

ज्याच्यासाठी मी भिडले म्हणतात, तो लेखा शाखेत होता. त्यानं काय केलं तेही तुम्हाला माहीत आहे, पण एक बारीकशी गोष्ट माहीत नसेल. सासूबाईंचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा मी आठवड्यातून दोनदा लवकर निघायची, साहेबांना सांगूनच. माझ्याविरुद्ध निनावी तक्रार गेली, माझ्याकडून खुलासा मागितला. तक्रारीची प्रत हातात आली तर ती पाठकोऱ्या कागदावर छापलेली, अन् मागच्या बाजूला लेखा शाखेच्या खर्चाचा अर्धा तक्ता! आता याला हुशार म्हणायचं की काय म्हणायचं? तो कागद मी कोणाला दाखवला नाही. जपून मात्र ठेवला. संत नाही मी.

आता २०२२ चा डिसेंबर. कोरोनामुळे दोन वर्षं हिवाळी अधिवेशन मुंबईलाच झालं होतं, त्या वर्षी ते परत नागपूरला आलं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, तेव्हा आमच्यासारख्यांच्या डिसेंबरचा विचार कोणी केला नसावा. मोर्च्यांमुळे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला बॅरिकेड, सिव्हिल लाइन्सला पोचायलाच तास जातो, आणि पोचलं की एलएक्यू, म्हणजे आमदारांचे विधानसभेतले प्रश्न. विधानसभेचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, आला की त्याची माहिती त्याच दिवशी वर पाठवायची, मग रात्रीचे दहा वाजोत की बारा.

प्रश्न आला मुलींच्या एका वसतिगृहाच्या छताचा. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? पहिले दोन भाग सोपे होते. छत गळत होतं, पावसाळाभर गळलं, हे खरंच होतं. तिसरा भाग आमच्या अंगावर आला. दुरुस्तीचं अंदाजपत्रक उपविभागाकडून जुलैत आलं होतं. लेखा शाखेत पाच दिवस राहिलं. जुलै संपता संपता साहेबांच्या केबिनमध्ये गेलं आणि दिवाळी उलटून गेल्यावर बाहेर आलं. मधल्या काळात ती फाइल कपाटावर होती. चहा घेऊन आत जाणाऱ्या शिपायालासुद्धा माहीत होतं.

रात्री नऊच्या सुमारास साहेबांनी बोलावलं. उभं ठेवून बोलणारे साहेब "मॅडम, बसा" म्हणाले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"तिसऱ्या भागाचं असं घ्या. लेखा शाखेच्या स्तरावर विलंब झाला असून संबंधित लिपिकास कारणे दाखवा नोटीस बजावण्यात येत आहे."

मी म्हटलं, "सर, नोंदवहीत लेखा शाखेचे पाचच दिवस दिसतात."

"नोंदवही सभागृहात जात नाही, मॅडम."

आवाज चढलेला नव्हता. उलट थकलेला होता. मग चष्मा पुसत म्हणाले, "अन् तुम्हाला कायची अडचण आहे? तुमच्याबाबतीत त्यानं काय केलं, ते मला माहीत नाही का? तसंही यंदा बदल्यांत तुमचं नाव येऊन राहिलं. बघू ना आपण."

बदलीचं पुढचं मला नीट ऐकूही आलं नाही. मी 'मला माहीत नाही का' यावरच अडकले होते. म्हणजे तक्रार कोणी केली, हे साहेबांना तेव्हाच ठाऊक होतं. तरी खुलासा माझ्याकडून घेतला. डायलिसिसची कागदपत्रं झेरॉक्स करून, हॉस्पिटलचा शिक्का घेऊन मी त्याच टेबलासमोर उभी राहिले होते. तेव्हा ते मान खाली घालून सगळी पानं एक-एक करून वाचत होते. सगळं माहीत असताना वाचत होते.

मी माझ्या टेबलावर आले आणि साहेबांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. खोटं कशाला बोलू, टाइप करताना गोड वाटलं. किती वर्षांचं उट्टं, तेही साहेबांच्या हुकमानं, कोणी मला बोल लावणार नाही. वाक्य होतंही कसं गुळगुळीत! 'स्तरावर', 'संबंधित', 'येत आहे'. कोणी काही केलंय असं वाटतच नाही, सगळं आपोआप होऊन राहिलं. खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती.

ते वाक्य मी पुसलं आणि तीन तारखा लिहिल्या. अमुक तारखेला लेखा शाखेत प्राप्त, अमुक तारखेला कार्यकारी अभियंता यांच्या कक्षात सादर, अमुक तारखेला परत. आरोप नाही, विशेषण नाही.

का पुसलं, ते मलाही नीट सांगता येत नाही. भीती होती, हे नक्की. उद्या चौकशी लागली तर नोंदवही बाहेर येणार, आणि टिपणी ज्यानं लिहिली तो पहिला लटकणार. साहेब म्हणतील, मॅडमनी माहिती दिली, मी सही केली. साहेबांवरचा रागही होता, आणि तो त्याच्यावरच्या रागापेक्षा पाच मिनिटांपूर्वीचा, ताजा होता. तत्त्व वगैरे असलंच तर त्यानंतर कुठंतरी. लोक मला "तुमच्यासारखी हिंमत पाहिजे" म्हणतात तेव्हा म्हणूनच मी गप्प बसते.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. "हे कोणी विचारलं?"

"प्रश्नातच आहे सर. विलंबाची कारणे काय आहेत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "जा तुम्ही. उशीर झाला, घरी वाट पाहत असतील."

उत्तर दुसऱ्याकडून करून घेतलं आणि ते वर गेलं. आमच्या प्रश्नाच्या दिवशी सभागृहात गदारोळ, कामकाज तहकूब, प्रश्न पुकारलाच गेला नाही. ज्याच्यासाठी एवढी रात्र केली ते कोणी मोठ्यानं वाचलंही नाही. पण माझं पान फाइलीत राहिलं, कारण त्यावर पृष्ठ क्रमांक पडला होता, आणि क्रमांक पडलेलं पान काढायचं म्हणजे पुढचे सगळे क्रमांक खोडावे लागतात. फेब्रुवारीत त्याला नोटीस निघाली, त्यानं माहितीच्या अधिकारात फाइलीची प्रत काढली, माझं पान जोडून उत्तर दिलं. नोटीस तिथंच संपली.

तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. इतरांना सांगतो, "त्या बाईले साहेबाचा काटा काढाचा होता, मी मधात सापडलो." मला संताप येतो. संताप यासाठी की हे सगळंच खोटं नाही.

मे महिन्यात माझी उमरेडला बदली झाली. बदल्यांचा कायदा २००५ चा. गट क च्या कर्मचाऱ्याला एका कार्यालयात तीन-तीन वर्षांचे दोन पदावधी, बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये. माझी सहा वर्षं केव्हाच उलटली होती, त्यामुळे ऑर्डरमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जा, असं पुष्कळांनी सांगितलं. काय घेऊन जाऊ? माझ्यासोबतचे आणखी जुने लोक जागेवरच राहिले, एवढंच ना? गंमत म्हणजे त्याच कायद्यात दुसरंही लिहिलंय, की कोणतीही फाइल कोणाकडेही कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. कायद्याच्या नावातच बदल्याही आहेत आणि विलंबही. आमच्याकडं त्याचं पहिलंच अर्धं वाचतात.

लोक म्हणतात, "बरं झालं, गडचिरोलीला नाही पाठवलं." ऑफिसात धमकी द्यायची म्हणजे गडचिरोली. तिथल्या लोकांना हे ऐकून काय वाटत असेल, कोण जाणे. मी दिघोरीहून बस धरते, कोळशाच्या ट्रकांमागून उमरेडला पोचते, रोजचं आहे. गोपनीय अहवालात 'अ' चा 'ब' झाला. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलेलं असल्यामुळे माझं काय बिघडलं ते मला रीतसर कळवण्यात आलं: सहकार्याची वृत्ती कमी. शेरा बदलावा म्हणून अभिवेदन दिलंय. उत्तर नाही.

आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही तोंडावर विचारत नाही. एवढं झाल्यावर साहेबांच्या निरोप समारंभाला मी गेले कशी आणि बोलले कशी? गेले. वर्गणी दिली, समोसा खाल्ला, माइक हातात आला तेव्हा साहेबांच्या अक्षराचं कौतुक केलं. त्यांचं अक्षर खरोखर सुंदर आहे. खोटं न बोलता दोन मिनिटं काढायची होती, अक्षरावर निघाली. नवी नवी नोकरीला लागलेली मी हे पाहून थुंकली असती. तिला मी म्हणते, बाई, तुझ्यावर घराचं कर्ज नव्हतं. ती म्हणते, कर्ज तर त्या रात्रीही होतं, तेव्हा नाही आठवलं? यावर मला काही सुचत नाही, मी कामाला लागते.

माझं गणित असं आहे, पटलं तर पाहा. हसणं, वर्गणी, वाढदिवसाचा केक, "सर, आज शर्ट छान" हे सगळं मी वाटेल त्याला देते. त्यात माझं काही जात नाही. माझ्या सहीच्या वर जे येतं, ते मात्र मी ठरवते. तेवढीच जागा माझी. तुम्हाला उलट वाटतं. तोंडावर सडेतोड बोलणारा तो खरा, असं तुम्ही धरता, आणि तो कोणत्या कागदावर सही करतो ते बघत नाही.

माझ्या लेकीला हे मुळीच पटत नाही. आमच्याकडं एजन्सीमार्फत एक कंत्राटी ऑपरेटर मुलगी होती, तिला एका फोनवर काढलं, उद्यापासून येऊ नको. मी काही बोलले नाही. लेक म्हणते, "म्हणजे आई, कागद असला तरच तुझं खरं बोलणं निघते." मी म्हटलं, कागद नसताना बोलणारे आमच्या ऑफिसात कमी नाहीत, डायलिसिसच्या वेळी माझ्याबद्दल जे पसरलं ते त्यांनीच पसरवलं. ती म्हणाली, "हे उत्तर नाही झालं." आमचं दोघींचं हे अजून चालूच आहे.

छताचं काम पुढच्या पावसाळ्याआधी झालं, हेही सांगून टाकते, कारण ते मला आजवर एकानंही विचारलेलं नाही.

येत्या मे महिन्यात उमरेडची तीन वर्षं पूर्ण होतात. नागपूरसाठी विनंती अर्ज दिलाय, कारणाच्या रकान्यात पती-पत्नी एकत्रीकरण लिहिलंय, आणि ते खरं आहे. अर्ज पुढं सरकावा म्हणून एका ओळखीच्या माणसाला फोनही केलाय. तेही उद्या विचारालच, म्हणून आजच सांगितलं.