प्रसाद उजवा झाला, पुढे काय?

गोव्याकडे देवाच्या मूर्तीला फुलाची पाकळी चिकटवतात आणि ती कुठल्या बाजूने पडते त्यावरून देवाचा कौल घेतात, त्याला प्रसाद म्हणतात. हा प्रसाद घ्यायला येणाऱ्यांचं सगळं लक्ष पाकळी कुठल्या बाजूने पडते याकडे असतं. पण निम्मं काम पाकळी लावण्याआधीचं असतं आणि उरलेलं घरी परतल्यावरचं.

आधी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मांडायचा प्रश्न. एका वेळी एकच गोष्ट विचारावी. ‘मुलीला पुण्याला पाठवू का, आणि त्यासाठी माडांचं भाट (बागायत) विकू का?’ हे दोन प्रश्न झाले. उजवी पडली तर होकार कशाला समजायचा? ‘यंदा मुलीला पुण्याला शिकायला पाठवतो, तुझी मान्यता आहे का?’ एवढं पुरे. आणि मनात आधीच ठरलं असेल तर विचारूच नये. मग फक्त आशीर्वाद मागावा, त्यात कमीपणा नाही. दुखण्यात औषध घ्यावं की नाही, हेही देवावर टाकू नये. औषध चालू ठेवून ‘बरं कर’ म्हणावं.

प्रसाद लावायची वेळ प्रत्येक देवस्थानाची वेगळी, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. भटजी मूर्तीला पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात आणि तुमच्या वतीने सांगणं (देवाला विनवणी) करतात. उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. बाजू देवाची धरायची की आपली, ते भटजींना तिथेच विचारून घ्या. नाहीतर घरी वाद होतात.

मग थांबायचं. पाणी वाळत जातं तशी पाकळी कडेने सुटते, एका टोकावर लोंबते, समईच्या उजेडात हलल्यासारखी वाटते आणि तरी पडत नाही. खरी कसोटी इथेच लागते. घाई झालेला माणूस ‘पुन्हा लावा’ म्हणतो. थांबा हेही उत्तर असू शकतं.

डावी पडली की दुसऱ्या देवळात तोच प्रश्न घेऊन जाणारे पुष्कळ. ते मला पटत नाही. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहिलं तर देवाला विचारलं कुठे? पण उजवी पडूनही महिनोन्महिने काहीच न करणं त्याहून वाईट. उजवा प्रसाद म्हणजे देवाचं बोलावणं, आणि बोलावल्यावर उठावं लागतं. १५६० साली गोव्यातल्या मंगेश देवाला कुशस्थळी गावाहून झुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं, तेव्हा आजचं मंगेशीचं देऊळ तिथे नव्हतं. देवाला घेऊन लोक आधी निघाले, देऊळ मागाहून उभं राहिलं.

पडलेली पाकळी हातात मिळाली तर कागदाच्या पुडीत घालून देवघरात ठेवा. ती सुकायच्या आत पहिलं काम उरका: कॉलेजचा अर्ज भरा, नाहीतर स्थळाकडे निरोप धाडा.