३ई०७

जूनचा तिसरा आठवडा, सोमवार. सकाळी पावणेनऊला मंठ्याहून आमच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्यांचा फोन आला. "ताई, तुमचं सोयाबीन उगवंना. आठ दिवस झाले पेरून. तीन शेतकरी दुकानात येऊन बसलेत, काय सांगू त्यांना?"

मी बॅगेवरच्या टॅगचा लॉट नंबर विचारला. ते आत गेले, बॅग उलटवल्याचा आवाज आला. "तीन, ई, शून्य सात."

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत मी नऊ वर्षांपासून हिशेब आणि माल-नोंदी बघते. 'जालना, सोने का पालना' असं आमच्याकडे म्हणतात. आता त्या पाळण्यात लोखंडाच्या सळया आहेत तसं बियाणंही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली, आणि त्यांच्यामागून या गावात लहानमोठ्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. आमची त्यातली लहान. मी आले तेव्हा दोन गोदामं होती, पुढे चार झाली आणि त्या वर्षी फेब्रुवारीत मंठा रोडला पाचवं भाड्यानं घेतलं. ए, बी, सी, डी झाले होते, म्हणून त्याला नाव पडलं ई.

लॉट नंबरची पद्धत शेठनी पहिल्या वर्षी स्वतः बसवली होती. आधी बीजोत्पादक शेतकऱ्याचा क्रमांक, मग गोदामाचं अक्षर, मग ग्रेडिंग कोणत्या आठवड्यात झालं तो आकडा. ३ई०७ म्हणजे तीन नंबरच्या शेतकऱ्याचं बियाणं, ई गोदाम, सातवा आठवडा. साधी, वाचता येणारी पद्धत. चार गोदामं होती तोवर तिनं कधी दगा दिला नाही.

शीटमध्ये मी तो लॉट शोधला. ४१२ बॅगा, नऊ दुकानं. लॉटच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं ३.००ई+०७. हे असं दिसतं हे मी मार्चपासून बघत होते. रकाना अरुंद झाला असेल असं समजून पुढे जात होते. त्या सकाळी पहिल्यांदा त्या घरावर क्लिक करून वरची पट्टी नीट वाचली. तिथे ३,००,००,००० होतं. तीन कोटी.

आकड्यांच्या मधे ई आला की स्प्रेडशीट त्याला दहाचा घात समजते. तीन ई सात म्हणजे तीनावर सात शून्यं. हे कळलं, आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली तेव्हा हातपाय गार पडले. तीस नंबरच्या शेतकऱ्याचंही बियाणं ई गोदामात होतं, सहाव्या आठवड्यातलं. त्याचा लॉट ३०ई०६. तीसावर सहा शून्यं. तेही तीन कोटीच.

बॅगेवरचं लेबल वेगळ्या मशीनवर छापलं जात होतं, तिथे नंबर बरोबर होते. दोन वेगळे लॉट आमच्या शीटमध्ये मात्र एक होऊन बसले होते.

मग मी मेमधल्या फेरतपासणीचे लॅबचे कागद काढले. ३०ई०६ची उगवण ८४ टक्के. ३ई०७ची ५८. सोयाबीनला किमान ७० टक्के लागते. ५८चा लॉट गोदामाबाहेर पडायलाच नको होता. पण माल सोडायच्या शीटमध्ये उगवणीचा आकडा सूत्रानं ओढलेला होता, आणि ते सूत्र जुळणारी पहिली ओळ उचलून थांबतं. त्या यादीत सहावा आठवडा वर होता. म्हणून ३ई०७समोरही ८४ आलं, आणि मी स्वतः त्यावर 'सोडावा' म्हणून सही केली होती.

यात एक्सेलचा दोष काढण्यात अर्थ नाही. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवला असता तर ३ई०७ जसाच्या तसा राहिला असता. ते आम्ही केलं नव्हतं. (माणसाच्या काही जनुकांची नावं शीटमध्ये तारखा होऊन जात म्हणून नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलली, 'मार्च१'चं 'मार्चएफ१' केलं. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोयही आली. हे सगळं मी नंतर वाचलं.)

४१२पैकी ३ई०७च्या बॅगा किती आणि कुठे, हे शीटला सांगता येत नव्हतं. सगळ्या नऊ दुकानांची विक्री थांबवावी तर ८४ टक्क्यांचं चांगलं बियाणं ऐन पेरणीत अडकतं. न थांबवावी तर ५८चं बियाणं आणखी कुणाच्या तरी तिफणीत पडतं. मृगाचा पाऊस बरा झाला होता, रानात वाफसा होता, दुकानांत गर्दी होती. एका एकराला तीस किलो, म्हणजे आमची एक बॅग. प्रत्येक बॅगेमागे कुणाचा तरी एक एकर होता.

मी गाडी काढून ई गोदामावर गेले. तिथले गोदामकीपर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, हमालांकडून थप्पी मोजून घेत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, मह्या वहीत लिहेल हाय ना सगळं. तुमी इचारलंच नाही कधी."

लाल कापडी पुठ्ठ्याची वही. गाडी नंबर, चलान नंबर, लॉट, बॅगा. प्रत्येक ओळ पेनानं लिहिलेली आणि ३ई०७ जिथे तिथे ३ई०७च. आम्ही दोघं पोत्यांवर बसून वही, चलानं आणि बिल्ट्या ताडून बघत गेलो. दुपारचं जेवण राहिलं. पाच वाजता आकडा मिळाला: ३ई०७च्या ७४ बॅगा, बाकी ३३८ तीस नंबरच्या. मंठा २०, परतूर १८, जिंतूर २४, सेनगाव १२. चारच दुकानं.

रात्री साडेनऊपर्यंत चारही दुकानांशी बोलणं झालं. ३१ बॅगा विकल्या गेल्या होत्या, त्यातल्या नऊ अजून पेरायच्या होत्या. शेठनी एका शब्दानंही मला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बदली बियाणं भरून टेम्पो निघाला, आणि ज्यांचं पेरून झालं होतं त्यांच्या दुबार पेरणीचा खर्चही कंपनीनं उचलला. सोयाबीन पेरायला १५ जुलैपर्यंत वेळ असते, त्यामुळे ते साधलं. पण त्या बावीस एकरांचा पहिला वाफसा मी परत आणू शकत नव्हते.

बियाणं का बिघडलं तेही कळलं. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, आपटलं-दाबलं की कोंब जायबंदी होतो. नव्या गोदामात जागा कमी म्हणून थप्पी उंच लावली होती, वर पत्रा तापलेला, आणि ३ई०७ सगळ्यात खाली.

सॉफ्टवेअर घ्यायचं हे त्या आधीपासून चाललं होतं. एप्रिल-मेमध्ये तीन जण येऊन दाखवून गेले होते. तेव्हा मी वहीत गुण मांडले होते: किंमत, रंगीत आलेख, मोबाइल ॲप, वार्षिक देखभाल. जुलैत ते पान फाडलं. तिघांना पुन्हा बोलावलं, त्या हंगामाची खरी चलानं पुढे ठेवली आणि एकच काम दिलं: यातून ३ई०७ कुठे कुठे गेला ते शोधून द्या.

पहिल्यांची प्रणाली मोठी होती, भारी होती. त्यांनी आमची चलानं आधी स्प्रेडशीटमध्ये उतरवली आणि तिथून आत घेतली. त्यांच्या देखण्या पडद्यावर पुन्हा तीन कोटी उमटलं. दुसऱ्यांनी लॉट बरोबर शोधला. मग मी विचारलं, उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमच्या नोंदी कशा परत मिळतील? उत्तर आलं, पीडीएफमध्ये. हजारो ओळींचं पीडीएफ म्हणजे पुन्हा हातानं टाइप करणं. तिथेच नाही म्हटलं.

तिसरा छत्रपती संभाजीनगरचा तरुण मुलगा होता. तो संगणकाजवळ बसलाच नाही. "आधी गोदाम बघू," म्हणाला. दोन दिवस मामांजवळ उभा राहिला. गाडी लागते तेव्हा हमाल किती घाईत असतात, मामांचा चष्मा कुठे असतो, मोबाइलला रेंज कोणत्या कोपऱ्यात येते, सगळं त्यानं टिपलं. मग म्हणाला, सॉफ्टवेअर नंतर, आधी तुमचा नंबर बदला.

नवा लॉट अक्षरांनी सुरू होतो, त्याची लांबी ठरलेली, मधे आडव्या रेघा. शेतकरी तीन आता ०००३ आहे आणि तीस ००३० आहे. गोदामाला अक्षराऐवजी जी५. खात्यांसाठी आणि जीएसटीसाठी टॅली होती तशीच ठेवली, ती तिचं काम चोख करते. लॉटच्या नोंदी पोस्टग्रेस या मोफत मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये गेल्या. तिथे एकच लॉट दोनदा नोंदवता येत नाही, आणि नोंद नसलेल्या लॉटचं चलान बनत नाही. बॅगांवर बारकोड आला. रेंज नसेल तर नोंदी मोबाइलमध्ये थांबतात आणि रेंज आली की चढतात.

आपोआप होणाऱ्या गोष्टी मी दोनच मागितल्या. लॅबचा आकडा ७०च्या खाली नोंदला गेला की त्या लॉटचं चलान छापलंच जाऊ नये, माझ्या सहीनंसुद्धा नाही. आणि तपासणीपासूनची नऊ महिन्यांची मुदत संपायच्या महिनाभर आधी सूचना यावी. शेठना व्हॉट्सॲपवर रोजचा विक्रीचा आलेखही हवा होता. तो पुढच्या वर्षी करू म्हटलं. बॅकअप रोज रात्री होतो, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून, चार लॉट शोधून बघितल्याशिवाय मी तो धरत नाही. मामांची वहीही चालू आहे. दर शनिवारी तिच्यातल्या दहा ओळी मी पडद्याशी ताडते.

एक गोष्ट मात्र ऑगस्टपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. जुन्या नोंदी नव्या जागी हलवताना पेमेंटची शीट उघडली. ती यादी शेतकऱ्यांच्या क्रमांकानं लावलेली होती, त्यामुळे तिथे तीन वर आणि तीस खाली. त्याच सूत्रानं तिथे उलटं केलं होतं: तीस नंबरच्या शेतकऱ्यासमोर ५८ ओढलं होतं. उगवणीत बसलं नाही म्हणून त्यांचा प्रीमियम, म्हणजे चांगल्या बियाण्यावरची वाढीव रक्कम, अडवून ठेवलेला. ते दोनदा ऑफिसात आले होते. दुसऱ्यांदा घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून, मोड आलेली गुंडाळी पिशवीत घालून घेऊन आले होते. "मोजा ताई, ऐंशीच्या वर हाय." मी पडद्याकडे बोट करून म्हटलं होतं, "काका, संगणकात अठ्ठावन्न दाखवतंय."

चेक घेऊन मी परतूरकडे त्यांच्या गावी गेले. ते रानात होते, त्यांची बाई घरी होती. तिनं पाणी दिलं, मुलाला बोलवायला पाठवलं. काका आले, पाय धुतले, चेकवरचा आकडा वाचला. मी लॅबचा कागदही पुढे केला, ८४ लिहिलेला. तो त्यांनी जास्त वेळ बघितला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला.