पावती कुणाच्या नावावर फाडायची?

पोलिसाने गाडी अडवून जागच्या जागी पावती फाडली की प्रश्न मिटतो. स्टीअरिंगवर जो बसलाय, त्याची ती पावती. बाकीचे काचेतून बाहेर बघत बसतात, थोडी हळहळ, थोडी गंमत, आणि पुढच्या वळणावर विषय संपतो. परदेशात भाड्याने घेतलेल्या गाडीचा दंड असा तडकाफडकी येत नाही. आपण घरी परतावं, बॅगा माळ्यावर जाव्यात, कुणी कुणाला किती द्यायचे तेही देऊन व्हावेत, मग तो येतो. आणि एका गाडीतून गुण्यागोविंदाने फिरलेली चार माणसं एकमेकांकडे तपास अधिकाऱ्याच्या नजरेने बघू लागतात.

आमचा आला तो इटलीतून. तिथल्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. 'झेडटीएल' म्हणतात त्याला. नाका नाही, दांडी नाही, शिट्टी नाही. लाल कडेची पांढरी गोल पाटी, तिच्याखाली बारीक अक्षरात वेळा, आणि खांबावर कॅमेरा. रहिवाशांच्या आणि परवानगीवाल्या गाड्यांचे नंबर यादीत असतात. यादीबाहेरचा नंबर दिसला की दंड. तुमचं हॉटेल त्याच भागात असेल तर बऱ्याच ठिकाणी हॉटेलवाले तुमचा नंबर त्या यादीत घालून देतात. मात्र तो आपणहून द्यावा लागतो, आणि वेळेत.

आता बसण्याची व्यवस्था सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. गाडी दादा चालवत होता. शेजारी वहिनी, तिच्या हातात फोन, आणि फोनमधली बाई ठणकावून 'डावीकडे वळा' सांगत होती. मागे मी, मांडीवर एक बॅग. माझ्या शेजारी माझा नवरा, गाढ झोपलेला. गाडीचा करार मात्र नवऱ्याच्या नावाने होता, कारण क्रेडिट कार्ड त्याचं. दादा खाली 'जादा चालक' म्हणून नोंदवलेला. तेव्हा पत्र कुणाच्या नावाने आलं हे निराळं सांगायला नको.

पत्राच्या आधी एक हुलकावणी असते. परतल्यावर काही आठवड्यांनी कार्डावरून गाडीवाल्या कंपनीने परस्पर काही युरो कापून घेतले. सगळ्यांना वाटलं, हाच दंड. दादाने दिलदारपणे त्याचे पैसे नवऱ्याला पाठवूनही दिले. पण तो दंड नव्हताच. तिथल्या पोलिसांनी विचारलं, गाडी कुणाकडे होती. कंपनीने नाव-पत्ता कळवला. त्या कळवण्याचं ते 'हाताळणी शुल्क'. करारात बारीक टायपात ते असतं म्हणे. दंड मला पटला. गल्ल्या त्यांच्या, शेकडो वर्षांचे वाडे त्यांचे, आमचा धूर त्यांनी का खावा? पण आपल्याच गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याला सांगायचे पैसे त्याच गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, हे काही केल्या गळी उतरत नाही.

खरा दंड कितीतरी महिन्यांनी आला. इटलीत राहणाऱ्याला अशी नोटीस ९० दिवसांत धाडावी लागते. परदेशी राहणाऱ्यासाठी कायद्याने ३६० दिवस दिलेत. म्हणजे जवळजवळ वर्षभर बेसावध राहायची सोय आहे. रजिस्टर पोस्टाचं जाड पाकीट, आत तोच मजकूर दोन-तीन भाषांत, आणि एका चौकटीत गाडीचा नंबर, तारीख, तास, मिनिट, कुठल्या रस्त्यावरचा कॅमेरा. आम्हा चौघांना त्या दिवशी तिथे किती वाजले होते हे कुणालाच आठवत नव्हतं. नगरपालिकेला मिनिटासकट ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर खटला उभा राहिला. नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. "मी झोपलो होतो. झोपलेला माणूस गुन्हा कसा करेल?" दादा म्हणाला, "मला सांगितलं डावीकडे, मी वळलो. मी फक्त हात-पाय." वहिनीने फोनमधल्या बाईकडे बोट दाखवलं. आणि मग तिघांच्याही लक्षात आलं की हॉटेल मध्यवस्तीतच हवं हा हट्ट माझा होता. मी लगेच कायद्यात घुसले. दुसरा उपाय नव्हता.

कायद्यांची या प्रश्नाला दिलेली उत्तरं मोठी गमतीची आहेत. इटलीत चालवणारा जबाबदार खराच, पण गाडी ज्याच्या ताब्यात तोही त्याच्या जोडीने जबाबदार. झेडटीएलच्या फोटोत दिसायची ती गाडी आणि तिची नंबर प्लेट. आत कोण जागं, कोण झोपलेलं, हे कॅमेरा विचारत नाही. ब्रिटनमध्ये उलट नावच मागतात. वेगाच्या दंडात गाडी कोण चालवत होतं हे न कळवणं हाच तिथे वेगळा गुन्हा आहे, १९८८च्या कायद्यात. जर्मनीत वेगाचा दंड चालकाचा, मालकाचा नाही, म्हणून कॅमेरा समोरून चेहरा टिपतो. पत्राबरोबर तो फोटो येतो तेव्हा शेजारी बसलेल्याचा चेहरा बहुधा पुसलेला असतो, त्याच्या खाजगीपणाचा मान राखून. वहिनीला जर्मनी फार आवडली.

दादाला मात्र फिनलंड सापडला. तिथे वेग मर्यादेपेक्षा बराच जास्त असला की दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. १९२१पासूनची पद्धत आहे ही. नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला २००२ साली मोटरसायकल ५०च्या जागी ७५ने हाकल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता; पुढे अपिलात तो बराच उतरला, पण आकडा जगभर गाजला. "आपणही उत्पन्नाप्रमाणे वाटून घेऊ," दादा म्हणाला. आमच्यात सगळ्यात जास्त कमावते ती वहिनी. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तू वळणार आणि मी भरणार?" फिनलंडचा विषय तिथे संपला.

न भरण्याचाही पर्याय निघालाच, दर वेळी निघतो. इथे येऊन कोण वसूल करणार? युरोपीय संघाच्या देशांनी २००५ साली आपसात ठरवून घेतलंय की ७० युरोंपासून वरचा दंड एकमेकांसाठी वसूल करता येईल. संघाबाहेरच्या माणसामागे असा हात सहज पोचत नाही, हे खरं. पण वहिनीला इटलीला पुन्हा जायचंय, आणि तिथल्या विमानतळावर पासपोर्ट पुढे करताना छातीत धडधड नकोय. मला तेवढं कारण पुरलं. नवऱ्याला अपील करायचं होतं. ६० दिवसांत प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, अर्ज करता येतो. मात्र अर्ज फेटाळला गेला तर किमान दंडाच्या निदान दुप्पट भरावे लागतात, हे वाचल्यावर झोपेचा मुद्दा त्याने मागे घेतला.

भरायला बसले मी, कारण फॉर्म भरणं हे आमच्याकडे माझं खातं आहे. पत्र हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर दंडात ३० टक्के सूट. मूळ दंड ८३ युरो, सूट वजा जाता ५८ युरो १० सेंट, वर टपाल आणि तपासाचा खर्च, त्याला सूट नाही. वेबसाइटवर नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकायचा. नंबरातलं ते गोल चिन्ह शून्य की इंग्रजी ओ, यावर चौघांनी चार मतं दिली. खरं तर इटलीच्या नंबर प्लेटवर ओ हे अक्षर वापरतच नाहीत, आय, क्यू आणि यूसुद्धा नाही, घोटाळा नको म्हणून. दोन अक्षरं, तीन आकडे, दोन अक्षरं. एवढा विचार करणाऱ्या लोकांनी पाटीखालच्या वेळा जरा मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत होती! ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा नेमका मीटिंगमध्ये. तो बाहेर येईपर्यंत पानाची मुदत संपली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पावती आली. तिच्यावर नाव अर्थात नवऱ्याचंच.

पैसे चौघांत सारखे वाटले. न्याय झाला असं कुणालाच वाटलं नाही, त्याअर्थी वाटणी बरोबर असावी. नंतरच्या आठवड्यात दुसरं पाकीट आलं. त्याच दिवसाचं, पण पुढच्या कॅमेऱ्याचं, बाहेर पडायची वाट शोधतानाचं. त्यावर फार वाद झाला नाही, सराव झाला होता.

सध्या पुढच्या सहलीचं घाटतंय. तिकिटं बघून झाली, हॉटेल शहराबाहेर हवं यावर एकमत आहे. अडलंय ते गाडीच्या करारावर. नवरा म्हणतो, कार्ड माझं घ्या, पण सही मी करणार नाही. गाडीवाल्यांना कार्ड आणि सही एकाच माणसाची लागते. दादा म्हणतो, मग वहिनीचं कार्ड घेऊ. आणि वहिनी म्हणते, चालेल, पण सही माझी असेल तर गाडीही मीच चालवणार, फोन तू धरायचास.