नाशिक ते सप्तशृंगी गड : हॅम रेडिओवर गाडी ट्रॅक करत केलेली ट्रिप

गेल्या रविवारी नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी, गड आणि परत असा फेरा मारला. गाडीत मी, रामशेज किल्ल्यावर मामेभाऊ आणि गंगापूर रोडला गच्चीवर अँटेना लावून काका, तिघांकडं आपापलं हॅम रेडिओचं (म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी रेडिओचं) लायसन्स आणि कॉलसाइन (रेडिओवरचं ज्याचं त्याचं ओळखनाव). मोबाईल नेट न वापरता माझी गाडी काकांच्या नकाशावर दिसते का एवढंच बघायचं होतं, कारण २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय आणि गर्दीत मोबाईल चालेनासे झाले की टँकर, ॲम्ब्युलन्स कुठं अडकलीय ते कळायला दुसरी काहीतरी सोय पाहिजेच.

त्यासाठी वापरलेली सिस्टीम म्हणजे एपीआरएस, अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केलेली. जीपीएसवरून आलेली जागा १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत बदलून रेडिओवर सोडायची, समोरचा ती ऐकून नकाशावर टाकतो. असं एका वेळी सोडलेलं पॅकेट पोचलं का याची पोच येत नाही, हुकलं तर हुकलं, पुढच्याची वाट बघायची.

गाडीत ५ वॉटचा हँडसेट, टपावर चुंबकाची साधारण अर्धा मीटरची अँटेना आणि केबलनं जोडलेला फोन, त्यात एपीआरएसड्रॉइड हे ॲप. पहिला अर्धा तास एकही पॅकेट काकांना वाचता येईना, आवाज येतोय पण डीकोड होत नाही. मग कळलं की व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट सुरू होतं ती सोय) सेट जागा व्हायला वेळ घेतो आणि पॅकेटची सुरुवातच कापली जाते. ॲपमध्ये प्रीफिक्स (पॅकेटच्या आधी सोडायचा रिकामा सूर) वाढवला, फोनचा आवाज बराच कमी केला (जास्त ठेवला की सूर फाटतात) आणि लगेच गाडी दिसायला लागली. ऐकणाऱ्या सेटचा बॅटरी सेव्हर बंदच ठेवा, तो झोपेत असताना आलेलं पॅकेट गेलंच समजा.

म्हसरूळ सोडल्यावर गच्चीवर थेट काही पोचत नव्हतं. तिथून पुढं सगळं काम रामशेजनं केलं. मामेभाऊ आशेवाडीतून चढून वर रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), हँडसेट आणि पॉवर बँक घेऊन बसला होता, त्यात डायरवुल्फ हे सॉफ्टवेअर डिजिपीटर म्हणून चालू, म्हणजे माझं पॅकेट ऐकायचं आणि परत सोडायचं. दिंडोरी, वणी, सगळीकडं ठिपका पुढं सरकत होता! वणीच्या पुढं डोंगर आडवा आला आणि नांदुरीत पूर्ण गायब, गडाच्या घाटात एका मोकळ्या वळणावर दोन पॅकेट गेली तेवढीच. त्यामुळं गाडीत जास्त वॉटचा सेट घ्यायला पैसे घालू नका, उंचावर माणूस बसवा, आणि गडाच्या पलीकडचं पाहिजे असेल तर वर दुसरा डिजिपीटर लागेलच.

पाथ (पॅकेट किती डिजिपीटरांनी पुढं सोडावं ती सेटिंग) वाईड१-१, वाईड२-१ ठेवला, कॉलसाइनपुढं -९, म्हणजे गाडी आहे हे कळतं. दर १० सेकंदाला पॅकेट सोडू नका, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, पॅकेट एकमेकांवर आदळतात. स्मार्ट बीकनिंग लावा, वळणावर आपोआप जास्त सोडतं, थांबल्यावर कमी. फ्रिक्वेन्सी इथल्या हॅम मंडळींना विचारूनच लावा, परदेशी व्हिडिओ बघून नको, अमेरिकेत १४४.३९० चालते आणि युरोपात १४४.८००, आपला बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. आणि परीक्षा देऊन लायसन्स हातात आल्याशिवाय ट्रान्समिटचं बटण दाबायचं नाही.

नवरात्रात आणि चैत्रात गडावर गर्दी असते, टेस्टिंगला ते दिवस टाळा. रामशेजवर बसणाऱ्यानं प्यायचं पाणी खालूनच न्यावं, टोपी आणि जादा पॉवर बँक पण, आमची दुपारी दोनलाच संपत आली होती आणि मी तेव्हा अजून वणीतच होतो.