पन्नास प्रतींचा हिशेब : आमची वाटचाल

मराठी पुस्तकांच्या दुकानात ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर इतकं सहज मिळतं की त्यामागे काय असतं ते कुणी विचारत नाही. पुस्तक संपलेलं असतं. मागणी असते, पण वर्षाला तीस-चाळीस प्रतींची. तेवढ्यासाठी हजार प्रती पुन्हा छापायच्या, कागदाचे पैसे अडकवायचे आणि पुढची दहा वर्षं गोडाऊनमध्ये कसर आणि वाळवीशी झुंजायचं, याला कुठलाच प्रकाशक राजी नसतो. मग लेखक कुरकुरतो, वाचक झेरॉक्स काढतो, आणि चांगलं पुस्तक कागदोपत्री जिवंत पण व्यवहारात गेलेलं असतं.

आमचं काम या ठिकाणी सुरू होतं. नारायण पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस. मी, माझा भागीदार आणि फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन मुली. आम्ही प्रकाशक नाही आणि मुद्रकही नाही. संपलेलं पुस्तक थोड्या प्रतींत पुन्हा कसं छापायचं, ई-बुक करायचं की नाही, हक्क कुणाकडे आहेत, किंमत काय ठेवायची, हे आम्ही प्रकाशकाला सांगतो आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली तयार करून देतो.

मी मूळची डीटीपीवाली, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावणारी. पेजमेकर हा प्रोग्राम आणि श्रीलिपीचे फॉन्ट यांवर अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची पानं लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भागीदार ऑफसेट प्रेसवर, म्हणजे हजारांनी प्रती छापणाऱ्या छापखान्यात, सुपरवायझर होता. २०१२ मध्ये पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रामच्या सीएस६ आवृत्तीत युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत) देवनागरी नीट बसायला लागली, तेव्हा आम्हा दोघांनाही एकच गोष्ट दिसली : आजवर लावलेली सगळी पानं आता पुन्हा लावावी लागणार. मागणीनुसार छपाई, म्हणजे हव्या तेवढ्याच प्रती छापणं, ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत लाइटनिंग सोर्स ही कंपनी १९९७ पासून हे करत होती. आपल्याकडे मडगावच्या सिनॅमनटीलने २००७ मध्ये आणि बेंगळुरूच्या पोथी डॉट कॉमने २००८ मध्ये हा रस्ता धरला होता. पण तिथे येणारा लेखक बहुतेक इंग्रजीतला, आणि फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊन येणारा. मराठी प्रकाशकाची फाइल कुठे असते, हा वेगळाच विषय आहे.

सुरुवातीला लोकांना वाटायचं, आम्ही मशीन विकतो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या प्रकाशकांना मी पन्नास प्रतींचं गणित समजावत होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “अहो ताई, पन्नास म्हणजे काय? लग्नाच्या पत्रिकासुद्धा यापेक्षा जास्त छापतात.” यावर उत्तर नव्हतं. पण त्यांच्याच कपाटातली विक्रीची वही काढून आम्ही एकेका पुस्तकाची गेल्या पाच वर्षांची विक्री मांडली, तेव्हा निम्म्याहून जास्त पुस्तकांना वर्षाला पन्नास हाही आकडा मोठाच ठरत होता. काका गप्प झाले. त्यांनी लगेच काम दिलं असं नाही. आधी चहा सांगितला, मग ‘बघू’ म्हणाले. पुण्यात ‘बघू’ला नकार समजायचं नसतं, हे धंद्यात पडल्यावर कळतं.

दुसरी अडचण फीची. इथे सल्ला फुकट मिळतो आणि न मागता मिळतो, मग त्याचं बिल कुणी का द्यावं? पहिली काही वर्षं आम्ही सल्ल्याचे पैसे पानामागच्या डीटीपीच्या दरात बेमालूम मिसळून घेत होतो. आता वेगळं बिल करतो. त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि प्रकाशक हमखास कुरकुरतो. त्याचं बरोबरच आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे खर्चावर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. कागद, छपाई, आमची फी, सगळ्यांवरचा कर त्याच्याच खिशातून जातो. पुस्तकं करमुक्त आहेत असं लोक कौतुकाने म्हणतात, त्याची ही दुसरी बाजू.

आता फाइलींबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

प्रकाशक म्हणतो, “फाइल आहे की!” ती असते एका सीडीवर, आणि सीडी उघडत नाही. उघडली तर आत पेजमेकरची फाइल, तिला लागणारा फॉन्ट कुठल्याच मशीनवर नाही. नाहीतर फाइल डीटीपी करणाऱ्याकडे असते. तो धंदा बंद करून गावी गेलेला असतो किंवा जुनी थकबाकी मागतो. मुखपृष्ठ कोरलड्रॉमध्ये, चित्रकाराकडे. पुस्तक ऐंशीच्या आधीचं असेल तर प्रश्नच नाही, ते खिळे जुळवून छापलेलं. मग एक धड प्रत उसवून स्कॅन करायची आणि ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला, लावायची. ओसीआर आता बरंच सुधारलंय, तरी जुन्या फिक्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची सरमिसळ होतेच. दोन वेळा प्रूफं वाचल्याशिवाय आम्ही पान पुढे सोडत नाही.

जुन्या फॉन्टची गंमत वेगळी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम, प्रत्येकाची अंतर्गत सांकेतिक मांडणी निराळी. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी : अक्षर डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे फुकटचा कन्व्हर्टर लावला की ‘धर्म’चं ‘धमर्’ आणि ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं. ‘मार्मिक’सारख्या शब्दात वेलांटी आणि रफार एकाच अक्षराला चिकटतात, तिथे तर पार खिचडी. या चुका निदान दिसतात तरी. न दिसणारी चूक जास्त महाग पडते. एका कादंबरीत लग्नघरातला प्रसंग होता. रूपांतरानंतर त्यातल्या आचाऱ्याला मजुरी द्यायची सोडून सगळे ‘आचार्याला’ मजुरी देत होते, कारण कन्व्हर्टरने ‘ऱ्य’चं सरळ ‘र्य’ करून टाकलं. दोन्ही शब्द मराठीत शुद्ध, स्पेलचेकर कसा पकडणार? आमच्याकडे अशा जोड्यांची यादी आहे. ती दर पुस्तकागणिक वाढते आणि आमच्या मुलींना तोंडपाठ आहे. फर्मची खरी मालमत्ता म्हणाल तर ही यादी.

एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की मग मार्ग मोकळा. त्याच मजकुरातून छपाईची पीडीएफ निघते, ई-पब म्हणजे ई-बुकची फाइल निघते, आणि दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडरवर पुस्तक ऐकताही येतं. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं सुलभ करणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये पहिली मंजुरी भारताने दिली, याचा आपल्याला अभिमान. पण जुन्या फॉन्टमधली फाइल स्क्रीन रीडरला दिली तर तो नुसती इंग्रजी अक्षरं बरळतो.

हक्कांच्या बाबतीत आम्ही जरा कडक आहोत. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, गेली तर गेली. मराठीतले जुने करार म्हणजे बहुतेकदा एक पत्र, ‘आपल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती काढत आहोत’ एवढ्या मजकुराचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा स्पष्ट सांगतो की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात तसा खास उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असं धरता येत नाही. शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारताचा, हे कायद्यात पूर्वीपासून आहे. म्हणजे जुनं पत्र हातात घेऊन ई-बुक जगभर विकायला ठेवणं धोक्याचं. आम्ही म्हणतो, लेखकाकडून नवीन पत्र घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांकडून. मग कळतं की दोन मुलगे इथे, मुलगी न्यू जर्सीत आणि चौथ्याशी कुणी बोलत नाही. चौथ्याकडे सहसा मलाच पाठवतात.

हक्क मुक्त झालेल्या लेखकांचा मोह प्रकाशकांना फार. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतो, आणि कोण छापत नाही? माझा सल्ला नेहमी एकच : त्या गर्दीत शिरू नका. तुमच्याकडे अशी चाळीस पुस्तकं आहेत जी फक्त तुम्हीच छापू शकता, आधी ती बाहेर काढा.

छपाईचं म्हणाल तर भागीदार प्रत्येक नव्या मुद्रकाकडून आधी एकच नमुना प्रत मागवतो. तिचा कागद बघत नाही, कणा बघतो. मधलं पान उघडून पुस्तक उताणं ठेवतो, अंगठ्याने दाबतो, गोंद कडकन वाजला की प्रत परत. दुसरी तपासणी ग्रेनची, म्हणजे कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत त्याची. डिजिटल मशीनवर कापलेला कागद चालतो, आणि त्याचे तंतू कण्याला समांतर नसतील तर पावसाळ्यात पानं लाटेसारखी फुगतात. ऑफसेटवाल्यांना हे माहीत असतं. नुसती मशीन घेऊन बसलेल्यांना माहीत नसतं, आणि अशा दुकानांची शहरात कमी नाही.

आता किंमत. उदाहरण म्हणून डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं दोनशे पानांचं पुस्तक घ्या. पन्नास प्रतींत छापलं तर प्रतीला साधारण शंभर रुपये धरा. हजार प्रतींत ऑफसेटवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. किंमत तीनशे ठेवली, दुकानाला चाळीस टक्के दिले, लेखकाला दहा टक्के मानधन, तर हातात दीडशे राहतात. छपाई वजा जाता पन्नास. यात घर चालत नाही, पण पैसाही अडकत नाही. वितरक पन्नास टक्के मागू लागला तर मात्र उरतात वीस, आणि तिथे हा मार्ग सोडून द्यावा. म्हणून अशी पुस्तकं थेट विकावीत आणि वर्षाला चारशे-पाचशेच्या वर खप असलेलं पुस्तक गुपचूप ऑफसेटवर न्यावं. आमच्याकडे येऊन ‘ऑफसेटवरच छापा’ हा सल्ला घेऊन गेलेले प्रकाशक कमी नाहीत.

ई-बुकांचा बहर डिसेंबर २०१६ मध्ये आला, किंडलवर मराठी अधिकृतपणे दाखल झाली तेव्हा. पुढच्याच वर्षी स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप आलं आणि मराठीत ऐकणारा वर्ग आहे हे सिद्ध झालं. टाळेबंदीत दुकानं बंद, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर चोरीच्या पीडीएफचा सुळसुळाट. तेव्हा आजवर न ओळखणारे प्रकाशकही फोन करू लागले. ‘सगळी पुस्तकं ई-बुक करा’ म्हणाले. आम्ही सगळी केली नाहीत. कादंबरी, चरित्र, रहस्यकथा पडद्यावर चालतात. कवितासंग्रहाच्या ओळी मोबाइलवर मोडतात आणि कवी फोन करतो. पाककृतीचं पुस्तक लोकांना ओट्यावर पिठाच्या हातांनी उघडायचं असतं.

छपाईपेक्षा सध्या टपालाने जास्त डोकं खाल्लंय. एकेक प्रत पाठवायची तर रजिस्टर्ड बुक पोस्टचा मोठा आधार होता. डिसेंबर २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून दर. प्रकाशकांना आम्ही आता पुस्तकाचं वजन आधी विचारतो, पानं नंतर.

आणि कुलवृत्तांत! या कामाची आम्ही कधी जाहिरात केली नाही, तरी आज आमची बरीच कमाई त्यातून होते. एका घराण्याची पंधरा-वीस पिढ्यांची वंशावळ, मूळ गाव, कुलदैवत, सगळ्यांचे पत्ते. पूर्वी घराण्याचं मंडळ वर्गणी काढून पाचशे प्रती छापायचं, आणि प्रकाशनाच्या दिवशीच कुणीतरी उभं राहून म्हणायचं, “आमच्या शाखेतल्या धाकट्या मुलाचं नाव नाही.” आता ऐंशी प्रती छापतो, दुरुस्त्या घेतो, सहा महिन्यांनी पुढच्या साठ. घडीची वंशावळ तेवढी त्रास देते, कारण मोठा कागद दुमडून शिवायला बाइंडरच लागतो. ते काम मशीनच्या आवाक्यातलं नाही. म्हणून तिचे तुकडे पाडून समोरासमोरच्या पानांवर बसवायची एक पद्धत आम्ही तयार केली आहे. कुलप्रमुख आजोबांना ती पटवायला वेळ लागतो.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी इथून विमानाने प्रत पाठवायची तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीवर जातो. अशा वेळी आम्ही फाइलच तिकडे पाठवतो. छपाईच्या यंत्राला मराठी कळण्याची गरज नसते. फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ दिली की शिकागोजवळचा मुद्रकही ‘ळ’ व्यवस्थित छापतो. अडतं ते मुखपृष्ठावर. त्यांचा कागद वेगळ्या जाडीचा, त्यामुळे कण्याची रुंदी बदलते आणि इथलं मुखपृष्ठ तिथे बसत नाही. म्हणून आता प्रत्येक कुलवृत्तांताची दोन मुखपृष्ठं करतो, एक इथल्या सत्तर जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) कागदाच्या मापाचं आणि एक तिकडचं, आणि बिलात ती वेगळी दाखवतो.