माझा अनुभव : क्वार्ट्झवरचा पेपर आणि तापमानाचा तो एक आकडा

पेपर (शोधनिबंध) छापून येऊन बरेच दिवस झाले, तरी छापण्याआधी तो तपासणाऱ्या दुसऱ्या रिव्ह्यूअरचा शेरा आठवला की माझं डोकं अजून तापतं. 'हे स्फटिक नेमक्या किती तापमानाला वाढले तो आकडा द्या, त्याशिवाय निष्कर्ष अपुरा आहे.' क्वार्ट्झवर, म्हणजे गारगोटीच्या खनिजावर, काम करणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हा शेरा कधी ना कधी येतोच, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. खडकाच्या भेगांमध्ये गरम पाण्यातून वाढलेले स्फटिक आम्ही मधोमध कापले, पॉलिश केले आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने स्फटिकातून निघणाऱ्या उजेडात, पाहिले. एरवी आरपार नितळ दिसणारा स्फटिक तिथे पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. प्रत्येक पट्टा म्हणजे वाढीचा एक थर. आमच्या स्फटिकांत आतले सरळ, कोनदार थर एका ठिकाणी कातरल्यासारखे तुटले होते. कोपरे झिजून गोल झालेले, आणि त्या झिजलेल्या कडेवर पुन्हा नवे सरळ थर. म्हणजे स्फटिक वाढला, मध्येच विरघळला आणि पुन्हा वाढला. शेजारच्या स्फटिकांतही तीच कड निघाली, तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच.

असं का होतं, हे कळायला अवघड नाही. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात क्वार्ट्झ जेमतेम दहा-एक मिलिग्रॅम विरघळतं, ३०० अंशांना काही शे मिलिग्रॅम. सिलिकाने (क्वार्ट्झ ज्याचं बनतं त्या द्रव्याने) भरलेलं पाणी निवलं की क्वार्ट्झ जमतं. भेगेत नव्याने जास्त गरम किंवा कमी सिलिकाचं पाणी शिरलं की जमलेलंच पुन्हा विरघळू लागतं. आमची कड म्हणजे अशा एका बदलाची खूण. आमचा शोध एवढाच होता, आणि तो पुरेसा होता असं मला आजही वाटतं.

(कॅथोडोल्युमिनेसन्स करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अशा क्वार्ट्झची निळसर चमक बऱ्याचदा इलेक्ट्रॉनांचा मारा सुरू झाला की थोड्याच वेळात विझू लागते. फोकस शेजारच्या भागावर लावून घ्या आणि मगच हव्या त्या जागेवर या.)

आता तापमान. स्फटिक वाढताना त्याच्या पोटात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात, त्यांना फ्लुइड इन्क्लूजन म्हणतात. सॉर्बी या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८५८ सालीच दाखवून दिलं होतं की या थेंबांवरून तापमानाचा अंदाज बांधता येतो. थेंब गार होताना आकसतो आणि त्यात एक बुडबुडा तयार होतो. स्फटिकाची पातळ चकती मायक्रोस्कोपखालच्या तापवता येणाऱ्या स्टेजवर ठेवून हळूहळू तापवली की बुडबुडा लहान होत जातो, शेवटी टिंबाएवढा होऊन थरथरत इकडेतिकडे पळतो आणि नाहीसा होतो. तो आकडा टिपायचा. पण हे तापमान किमान असतं! थेंब अडकला तेव्हा पाणी उकळत होतं याचा पुरावा असेल, म्हणजे द्रवाने भरलेले आणि वाफेने भरलेले थेंब एकाच थरात शेजारी सापडले, तर गोष्ट वेगळी. नाहीतर खरं तापमान त्याहून जास्त असतं, आणि किती जास्त ते दाबावर ठरतं. आमच्याकडे उकळल्याचा पुरावा नव्हता. दाब कळायचा तर खोली माहीत हवी, आणि खोली माहीत असली तरी वर नुसतं पाणी होतं की अख्ख्या खडकाचा भार होता, एवढ्यावरूनच दाब सुमारे अडीचपट बदलतो. म्हणून आम्ही 'किमान' असंच लिहिलं.

पेपर पाठवला आणि सुरू झालं 'अंडर रिव्ह्यू'. महिनोन्महिने तेच दोन शब्द. मी रोज सकाळी आधी ते पान उघडायची. एडिटरला विचारलं तर रिव्ह्यूअर मिळत नाहीत असं उत्तर आलं. (पेपर पाठवताना चार-पाच जाणकारांची नावं स्वतःहून सुचवा. रकाना ऐच्छिक असतो, तरी मोकळा सोडू नका.) शेवटी दोन रिव्ह्यू आले. पहिला नेमका होता. थेंब स्फटिकाबरोबरच अडकले की नंतर भरून आलेल्या भेगेत, एवढंच त्यात विचारलं होतं. आमचे थेंब वाढीच्या थरांना धरून होते, थर ओलांडून जाणाऱ्या रांगा आम्ही वगळल्या होत्या. फोटो जोडले, विषय संपला.

दुसऱ्याला मात्र आकडाच हवा होता. थेंबांवरून जमत नसेल तर क्वार्ट्झमधल्या टायटेनियमवरून काढा, असा सल्ला. ही पद्धत वॉर्क आणि वॉटसन यांनी २००६ मध्ये मांडली आणि ती उत्तम आहे, पण तिचे मूळ प्रयोग ६०० ते १००० अंशांमधले. आमच्या थेंबांतला बुडबुडा त्याच्या निम्म्याच्याही खाली नाहीसा होत होता. शिवाय स्फटिक भरभर वाढला तर टायटेनियम जास्त अडकतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. अशा ठिकाणी त्या सूत्रातून निघालेला आकडा दिसतो नेटका, पण त्याला आधार नसतो. हे सगळं आम्ही उत्तरात लिहिलं. दुसऱ्या फेरीत तोच शेरा परत आला, शब्द तेवढे बदललेले. आम्ही लिहिलेलं वाचलं तरी होतं का, असा प्रश्न पडला.

माझे सहलेखक म्हणाले, एक खोली धरून आकडा देऊन टाकूया, पेपर तरी सुटेल. मी नाही म्हटलं. एकदा आकडा छापला की त्याच्यामागचं गृहीतक गळून पडतं, पुढचे दहा जण नुसता आकडाच उचलतात. मग आम्ही एक आकृती केली. थेंबांच्या मोजमापांवरून आयसोकोर (थेंबातल्या पाण्याची घनता तीच राहील अशा तापमान-दाबाच्या रेषा) काढल्या, त्यांवर कमी-जास्त खोलीचे दाब दाखवले आणि तापमानाचा पूर्ण पट्टा उघड मांडला. सोबत एडिटरला वेगळं पत्र लिहिलं : मुख्य निष्कर्ष झिजलेल्या कडेवर उभा आहे, या पट्ट्यात तापमान कुठेही धरलं तरी तो बदलत नाही. मुद्देसूद उत्तरांच्या ढिगात हे वाक्य हरवलं असतं, स्वतंत्र पत्रात ते वाचलं गेलं. एडिटरने पेपर तिसऱ्यांदा त्या रिव्ह्यूअरकडे पाठवला नाही, स्वतःच स्वीकारला. 'किमान' हा शब्द सारांशात जागच्या जागी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

वाट पाहताना प्रीप्रिंट (तपासणीआधीचा मसुदा) इंटरनेटवर टाकून ठेवला होता, ते फार बरं झालं. मधल्या काळात एका गटाने आमच्या प्रतिमा पाहून स्वतःच्या जुन्या चकत्या पुन्हा तपासल्या आणि मूळ फाइल्स मागितल्या. तुमच्या जर्नलला प्रीप्रिंट चालतो का, ते आधी पाहून घ्या. स्टेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तिचं तापमान माहीत असलेल्या वितळणबिंदूंशी ताडून पाहिल्याची, नोंदही पेपरसोबतच द्या : कार्बन डायऑक्साइड उणे ५६.६ अंशांना वितळतो, शुद्ध पाण्याचा बर्फ शून्याला. ही नोंद दिली की निदान त्यावरून पेपर अडत नाही.

आणि चकत्या करून घेताना सांगून ठेवा की चकती काचेवर चिकटवायला गरम प्लेट वापरू नका. उष्णतेने थेंब फुटले किंवा ताणले गेले तर पुढची सगळी मोजणी वाया जाते. साधा सुपरग्लू पुरतो, नंतर चकती अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवली की अलगद सुटते.