वडापावपेक्षा महाग शिवराई

परवा रविवारी सासवडजवळ मामाच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन गेलो होतो. मशीन मित्राचं, दोन दिवसांसाठी उसनं आणलेलं. आधीच सांगतो, गडावर-बिडावर अजिबात नेलं नाही, संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे आणि तो करायची हौस मला नाही. मामाच्या बांधाशेजारून पूर्वी पालखीची वाट जायची असं आजी सांगायची, मग म्हटलं वारकरी चिंचेखाली टेकले असतील तर कुणाच्या ना कुणाच्या कनवटीचं काहीतरी सांडलं असणारच.

पहिला अर्धा तास नुसता ग्राउंड बॅलन्स करण्यात, म्हणजे मशीननं मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करावं असं ते जुळवण्यात गेला. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट, त्यात लोह भरपूर, त्यामुळे मशीन ढेकळालाही ओरडतं. तेवढ्यात बांधावर चार लोक जमले, "गुप्तधन शोधताय व्हय?" एकानं तर कोंबडं लागेल का विचारलं, चेष्टेत विचारलं असं मी धरून चाललोय!

दुपारपर्यंतची कमाई : बिअरची बुचं, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, ट्रॅक्टरचा नट आणि बैलाच्या खुराला ठोकायची एक गंजकी पत्री. पत्री मामानं लगेच ओळखली, हातात घेऊन बराच वेळ बघत बसला, बैल विकून वीस वर्षं झाली त्याला.

मग चिंचेच्या बाजूला एक स्वच्छ, खणखणीत आवाज आला, दोन्हीकडून फिरवलं तरी तोच. अर्धी वीत खाली मातीचा गोळा, त्यात हिरवट जाडसर चकती. नखानं माती काढली तर दोन समांतर आडव्या रेघा आणि त्यांच्याखाली 'पति'. दुदांडी शिवराई! शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, आणि दुदांडी म्हणजे या दोन रेघांची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा म्हणून अक्षरं पूर्ण उमटतच नाहीत. ही महाराजांच्या काळातली नाही बरं का, दुदांडी नंतरची, पेशवाईतली. जुन्या बाजारात अशी मी दीडशेला घेतलीये, पण ती कुठनं आली ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं, हिची जागा मी बोट ठेवून दाखवू शकतो.

घरी आणली तर मामी म्हणाली, "आण इकडं, चिंच लावून घासते, तांब्यासारखी लख्ख करते." अगं मामी थांब!! तो हिरवा थर गेला की नाण्याची रयाच जाते.

आता खरी गंमत. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! तेव्हा ती मोठी रक्कम असेल, आज तेवढ्यात वडापाव येत नाही, पण आकडा तोच. मामा म्हणाला, "आरं येड्या, एका पैशासाठी कलेक्टरला चिठ्ठी धाडतो का?"

धाडतो म्हटलं. रात्री ओट्यावर बसून अर्ज लिहायला घेतला, काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं झालं, 'अंदाजे किंमत' पाशी अडलोय. मामी म्हणते पन्नास लिही, मामा म्हणतो नऊ रुपये लिही आणि गप झोप.